वाचकांचे प्रश्न : वैद्यकीय उपकरणं घडवणाऱ्यांसाठी

प्रश्न : बायोइंजिनिअरिंगमध्ये पीएचडी करून प्राध्यापक व्हायचं आणि वैद्यकीय उपकरणं तयार करायची, असं मनात आहे. या नोकरीत प्रत्यक्ष शोध लावण्याला किती वेळ मिळतो?

फार थोडा. कल्पना सुचून पहिला प्रोटोटाइप टेबलावर चालू लागेपर्यंत वर्षभर पुरतं. पुढची सगळी वर्षं तो कशाने बिघडेल हे हुडकण्यात जातात. पॉलिमरमधून, म्हणजे लांब साखळ्यांच्या प्लॅस्टिकसारख्या पदार्थातून, मोठे रेणू सावकाश बाहेर सोडता येतात, हे रॉबर्ट लँगर आणि ज्युडा फोकमन यांनी 1976 साली दाखवलं. मेंदूतली गाठ काढल्यावर त्या जागी ठेवायची ग्लायडेल ही औषधी चकती लँगर यांच्याच पॉलिमरच्या कामातून पुढे आली. अमेरिकेत तिला मंजुरी मिळाली 1996 साली.

म्हणजे एकच उपकरण विद्यार्थ्यांच्या चार-पाच पिढ्यांच्या हातून जातं. म्हणून पीएचडीचा विषय ‘अमुक उपकरण बनवणे’ असा घेऊ नका. तीन-चार वर्षांत ते संपत नाही आणि प्रबंध लटकतो. ‘या जोडावर भेगा कुठे सुरू होतात’, ‘या पृष्ठभागावर रक्त का गोठतं’ असा एकच प्रश्न घ्या. त्यावर शोधनिबंधही निघतो आणि उपकरणही एक पाऊल पुढे जातं.

प्रश्न : आमच्या गटाने सिरिंज पंप, म्हणजे सिरिंजचा दट्ट्या सावकाश ढकलून औषध देणारं यंत्र, बनवला आहे. 50 मिलीची सिरिंज, ठरावीक पावलांनी फिरणारी स्टेपर मोटर आणि तिचं फिरणं दट्ट्याच्या सरकण्यात बदलणारा लीड स्क्रू. तासाला 20 मिली या वेगाने तो अगदी बिनचूक चालतो. तासाला 1 मिली लावलं की मोटर फिरते, पण पहिली बरीच मिनिटं काहीच बाहेर येत नाही. प्रोग्रॅममध्ये चूक असेल का?

प्रोग्रॅम उघडण्याआधी कागदावर हिशेब करा. 50 मिली सिरिंजचा आतला व्यास 28 मिमी धरला, तर छेदाचं क्षेत्रफळ साधारण 616 चौरस मिमी होतं. तासाला 1 मिली म्हणजे 1000 घन मिमी, म्हणजे दट्ट्या तासाभरात जेमतेम 1.6 मिमी सरकतो. आता दट्ट्याची चकती ज्या खाचेत बसते तिथे किती फट आहे ते फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजा. नट आणि स्क्रूमधली ढिलाई त्यात मिळवा. दोन्ही मिळून 1 मिमी निघाली, तर सदतीस मिनिटं मोटर नुसती फट भरत बसते. 20 मिलीच्या वेगाला हीच फट दोन मिनिटांत भरते, म्हणून तिथे दोष दिसला नाही.

ढिलाई गेली तरी रबर उरतंच. दट्ट्याचं रबर काचेला किंवा प्लॅस्टिकला चिकटतं, आधी दबतं, मग एकदम सुटतं. त्यामुळे प्रवाह धक्क्याधक्क्याने येतो. यावर उपाय तीन. स्प्रिंग लावलेला, ढिलाई खाणारा नट वापरा. कमी वेगाला लहान सिरिंज घ्या : 15 मिमी व्यासाच्या 10 मिली सिरिंजमध्ये दट्ट्या तासाला साडेपाच मिमीहून जास्त सरकतो, म्हणजे तीच 1 मिमी फट दहा-अकरा मिनिटांत संपते. आणि नळी रुग्णाला जोडण्याआधी टोकाशी द्रव दिसेपर्यंत पंप जलद पळवायची सोय ठेवा. हे बटण नळी जोडलेली असताना चुकूनही दाबलं जाता कामा नये, एवढं मात्र बघा.

मोजणीतही एक खोच आहे. थेंब मोजू नका. एक थेंब साधारण 0.05 मिलीचा, म्हणजे या वेगाला तीन मिनिटांतून एकदा पडणार, आणि आलेखावर तुम्हाला पंपाचा नसलेला दोष दिसणार. 1 मिलिग्रॅमपर्यंत वाचणारा तराजू घ्या, त्यावर पाण्याचं भांडं ठेवा, नळीचं टोक पाण्यात बुडवा पण भांड्याला टेकू देऊ नका, आणि वर पॅराफिन तेलाचा पातळ थर सोडा. बाष्पीभवन नाही थांबवलं तर मिनिटाला सतरा मिलिग्रॅमच्या प्रवाहात ते सहज मिसळून जातं. दर 30 सेकंदांनी वजन नोंदवा.

तुम्ही विचारलेलं नाही, पण जास्त धोका इथे आहे : नळी दुमडली की काय होतं? मोटर ढकलत राहते, नळी फुगते, रबर दबतं, दाब वाढून अलार्म वाजतो. कुणीतरी येऊन दुमड काढतं आणि साठलेला सगळा डोस एका दमात रुग्णाच्या शिरेत जातो. म्हणून अलार्म वाजताच मोटरने थोडं मागे येऊन दाब उतरवायला हवा. दुसरं, दट्ट्या दोन्ही बाजूंनी पकडलेला हवा. नुसता मागून ढकलला आणि पंप रुग्णापेक्षा उंचावर असला, तर द्रव स्वतःच्या वजनाने दट्ट्याला ओढत खाली वाहू लागतो. हे दोन दोष प्रयोगशाळेच्या टेबलावर सहसा दिसत नाहीत, कारण तिथे पंप आणि भांडं एकाच पातळीवर असतात.

प्रश्न : हृदयाच्या कृत्रिम झडपेची चाचणी ‘पुरेशी’ झाली हे कसं ठरवतात?

मिनिटाला 70 ठोके धरले तर वर्षाला जवळपास 3 कोटी 70 लाख वेळा झडप उघडते-मिटते. आयएसओ 5840 या मानकात धातू किंवा कार्बनच्या यांत्रिक झडपांसाठी 40 कोटी आवर्तनं आणि ऊतींपासून केलेल्या झडपांसाठी 20 कोटी धरली आहेत. सेकंदाला 15 आवर्तनं या वेगाने यंत्र अखंड चाललं तरी 40 कोटींना दहा महिने लागतात. घाईने वेग वाढवला तर झडपेचं पातं पुरतं उघडण्याआधीच मिटतं. आकडा भरतो, झिजेची चाचणी मात्र झालेलीच नसते. वेगवान कॅमेऱ्याने पातं पूर्ण फिरतंय याची खात्री आधी करा, मग मोजायला लागा.

आणि आवर्तनांचा आकडा गाठला म्हणजे काम झालं, असंही नाही. ब्यॉर्क-शायली कॉन्व्हेक्सो-कॉन्केव्ह या झडपेत पातं अडवणारा धातूचा एक दुवा कड्याला वेल्ड केलेला होता. मिटताना पात्याचा मार त्या दुव्याच्या टोकावर बसे. काही झडपांत आधी त्या दुव्याचा एक पाय तुटला, मग दुसरा, आणि पातं निसटलं. 1986 साली ती बाजारातून काढून घेतली गेली. पुढच्या मोनोस्ट्रट रचनेत वेल्डच नाही. कडं आणि दुवे एकाच तुकड्यातून कोरलेले. तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेतही झडपेचे तीन आराखडे बाद करावे लागले. अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिथिलीनचं पातं असलेला चौथा आराखडा 1990 साली रुग्णाला बसवला गेला.

प्रश्न : आधी शोधनिबंध की आधी पेटंट?

पेटंटचा अर्ज आधी, निदान तात्पुरता तरी. बऱ्याच देशांत माहिती एकदा जाहीर झाली की नावीन्य संपलं. परिषदेतलं पोस्टर किंवा ग्रंथालयात ठेवलेला प्रबंधही जाहीर करण्यातच मोडतो. काही देश सवलतीची मुदत देतात, पण तिच्या भरवशावर राहू नये. तात्पुरत्या अर्जानंतर पूर्ण अर्जाला 12 महिने मिळतात. मात्र त्या पहिल्या कागदात मापं, साहित्य आणि पर्यायी रचना नसतील, तर नंतर घुसवलेल्या गोष्टींना आधीची तारीख लागत नाही. दोन परिच्छेदांत गुंडाळलेला अर्ज केला काय आणि न केला काय, सारखंच.

प्रश्न : हाडात ड्रिल कुठे घालायचा हे दाखवणारा शस्त्रक्रियेचा मार्गदर्शक साचा आम्ही थ्री-डी प्रिंटरवर पीएलए या प्लॅस्टिकमध्ये काढला. तो ऑटोक्लेव्हमधून (वाफेच्या दाबाने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून) वाकडा होऊन बाहेर आला. तापमान कमी करून चालेल का?

चालणार नाही. पीएलए 60 अंश सेल्सियसच्या आसपासच मऊ पडतं आणि ऑटोक्लेव्हला 121 अंश लागतात. तापमान उतरवलं तर साचा सरळ राहील, निर्जंतुक होणार नाही. ऑटोक्लेव्ह सोसणारं साहित्य निवडा, नाहीतर इथिलीन ऑक्साइड वायूची पद्धत घ्या. हा वायू विषारी आहे, प्लॅस्टिकमध्ये शोषला जातो, त्यामुळे तो निघून जाईपर्यंत वस्तू हवेशीर ठेवावी लागते आणि अवशेष मोजावा लागतो. तिसरी पद्धत गॅमा किरणांची, तिची नेहमीची मात्रा 25 किलोग्रे (किरणांची मात्रा मोजायचं एकक). त्याने पीएलएच्या साखळ्या तुटतात, साधं पॉलिप्रॉपिलीन महिन्यांनी ठिसूळ होतं. हा दोष दुसऱ्या दिवशीच्या चाचणीत कळत नाही, म्हणून काही नमुने साठवून नंतर मोडून बघा.

छापलेल्या थरांमधल्या बारीक फटींत घाण अडकते, तिथे वाफही नीट पोचत नाही. पृष्ठभाग गुळगुळीत करून घ्या, बंद पोकळ्या ठेवू नका. आणि भोकांचे व्यास, सपाटपणा, दोन खुणांमधलं अंतर ही मापं निर्जंतुकीकरणाआधी एकदा आणि नंतर त्याच नमुन्यावर पुन्हा घ्या. ड्रिलच्या भोकाला अर्धा मिमी फरक पडला, तरी हाडात ड्रिल दुसरीकडेच जातो.