ड्यू बॉइस यांची कागदपत्रं: कुठून सुरुवात करशील?

आधी अमेरिकेच्या तिकिटाचा हिशोब सोड. अमेरिकेतले कृष्णवर्णीय इतिहासकार डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस (१८६८–१९६३) यांचे कागद मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्टमधल्या ग्रंथालयात आहेत, पण त्यातले सुमारे एक लाख स्कॅन होऊन घरबसल्या फुकट वाचता येतात. म्हणून लगेच शोधपेटीत शब्द टाकत सुटू नकोस. दोन दिवस नुसती सूची वाच. कंटाळा येईल, येऊ दे.

मग १९४६ काढ. बाबासाहेबांनी ड्यू बॉइसना लिहिलेलं पत्र त्यात आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाच्या दोन-तीन प्रती त्यांना हव्या होत्या, अस्पृश्यांसाठीही तसं काही करता येईल का, हा विचार होता. पत्रावर तारीख नाही! उत्तर ३१ जुलैचं, म्हणून हे जुलैच्या आसपासचं धरतात. तेव्हा एकटं पत्र कधी वाचू नकोस, त्याचा जोडीदार शोध.

आणि प्रत्येक कागदाचा संग्रह-क्रमांक तिथल्या तिथे टिपून ठेव. मी आळस केला होता, नंतर एका पत्रासाठी आठवडा घालवला.