लिनक्सवर प्रोसेस, म्हणजे चालू असलेले प्रोग्राम, बघायला शिकतेस ना? मग आधी एवढंच

घाबरू नकोस गो, नुसतं बघितल्याने काही बिघडत नाही. सध्या दोनच कमांड हाताशी ठेव: ‘टॉप’ (top) आणि ‘पीएस ऑक्स’ (ps aux); दोन्ही चालू प्रोसेसची यादी दाखवतात. टॉपमध्ये वर लोडचे, म्हणजे मशीनवरच्या कामाच्या ताणाचे, तीन आकडे असतात, गेल्या १, ५ आणि १५ मिनिटांच्या सरासरीचे. चार कोरच्या (प्रोसेसरच्या चार भागांच्या) मशीनवर लोड ४ म्हणजे संकट नव्हे. टॉपमधून बाहेर पडायला क्यू (q) दाब.

नवीन माणूस हमखास चुकतो तो ‘किल -९’ला (kill -9), म्हणजे प्रोसेस जबरदस्तीने बंद करायच्या कमांडला. त्यात प्रोसेसला आवराआवर करायला वेळच मिळत नाही. म्हापशाला ऐन चतुर्थीच्या गर्दीत बिलिंग अडकलं, मी थेट ९ दिला आणि अर्धवट लिहिलेली फाइल रात्रभर निस्तरत बसलो. आधी साधा ‘किल’ दे, तो १५ नंबरचा सिग्नल पाठवतो, म्हणजे प्रोसेसला नीट आवरून बंद व्हायला सांगतो. थोडं थांब. आणि एंटर दाबण्याआधी पीआयडी (प्रोसेसचा नंबर) दोनदा वाच, खरंच.