बंद घरात जळणारा गॅस आणि त्याचा धूर

प्रश्न : माझी मुलगी कॅनडात विनिपेगला राहते. गेल्या हिवाळ्यात आम्ही उभयता तिच्याकडे होतो. तिच्या घराच्या तळघरात घर गरम ठेवणारी, गॅसवर चालणारी भट्टी म्हणजे फर्नेस आहे. सगळा हिवाळा दारे-खिडक्या बंद असताना त्या गॅसचा धूर घरात कोंडत कसा नाही? शिवाय थर्मोस्टॅटचा, म्हणजे घराचे तापमान ठरवणाऱ्या यंत्राचा, आकडा वाढवला, की आधी नुसती घरघर ऐकू येते आणि गरम हवा बऱ्याच वेळाने येते. हा यंत्रातील दोष समजावा का? सोलापुरात आमच्या न्हाणीघरातही गॅस गिझर आहे, म्हणून विचारतो.
— एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर : धूर कोंडत नाही, कारण फर्नेसमध्ये गॅस जळून होणारा धूर आणि आपण श्वासात घेतो ती हवा यांची गाठच पडत नाही. आपल्याकडच्या तांब्याच्या बंबात मधल्या नळीत जाळ असतो आणि भोवतीचे पाणी धुराचा स्पर्श न होता तापते. फर्नेसमध्ये पाण्याच्या जागी घरातील हवा असते. ज्वाला आणि धूर धातूच्या बंदिस्त नळ्यांमधून जातात, त्या तापलेल्या नळ्यांवरून एक मोठा पंखा घरातील हवा लोटतो आणि ती डक्टमधून, म्हणजे हवा वाहून नेणाऱ्या पत्र्याच्या मार्गातून, खोल्याखोल्यांत पोहोचते. धूर मात्र वेगळ्या नळीने थेट घराबाहेर पडतो.

आपण ऐकलेली घरघर हा दोष नसून ती सुरक्षिततेची पहिली पायरी आहे. थर्मोस्टॅटचा इशारा मिळताच प्रथम धूर बाहेर ओढणारा छोटा पंखा सुरू होतो. धुराची वाट मोकळी असल्याची खात्री दाबावर चालणाऱ्या एका स्विचने केल्याशिवाय पुढचे काहीच घडत नाही. मग प्रज्वलक लालभडक तापतो, गॅसची झडप उघडते आणि बर्नर पेटतात. ज्योत खरोखर लागली आहे की नाही हे एक बारीक दांडी ओळखते. काही सेकंदांत तिला ज्योत जाणवली नाही, तर झडप आपोआप बंद होते. नळ्या पुरेशा तापल्यावरच मोठा पंखा फिरू लागतो, नाहीतर खोलीत गार वाराच आला असता.

घराच्या भिंतीतून बाहेर आलेली, पांढरी वाफ सोडणारी प्लॅस्टिकची नळी आपण पाहिली असेल. जुन्या पद्धतीच्या फर्नेसमध्ये गॅसमधील सुमारे ८० टक्के उष्णता घराला मिळते. नव्या फर्नेस धुरातील पाण्याची वाफही थंड करून तिची उष्णता काढून घेतात, त्यामुळे हे प्रमाण ९० टक्क्यांच्या वर जाते आणि बाहेर पडणारा धूर प्लॅस्टिकला सोसेल इतका निवलेला असतो.

एवढे असूनही नळ्यांना तडा जाऊन धूर घरातील हवेत मिसळू शकतो. म्हणून दरवर्षी तपासणी, हवेचा फिल्टर वेळच्या वेळी बदलणे आणि झोपण्याच्या खोल्यांजवळ कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूची सूचना देणारे यंत्र या तीन गोष्टी मुलीने चुकवू नयेत.

खरी काळजी मला आपल्या न्हाणीघराची वाटते. साधा गॅस गिझर जळण्यासाठी त्याच खोलीतील हवा घेतो आणि धूरही तेथेच सोडतो. थंडीच्या सकाळी खिडकी लावून घेतली, की छोट्या न्हाणीघरातील प्राणवायू झपाट्याने घटतो, गॅस अर्धवट जळू लागतो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडर गळल्यावर येतो तो वास मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याचा असतो आणि गॅस जळताना ते द्रव्यही जळून जाते, त्यामुळे ‘वास आला तर कळेल’ या भरवशावर राहणे जिवावर बेतू शकते. हा वायू रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके जड होते, चक्कर येते आणि दाराची कडी काढण्याइतकेही बळ उरत नाही.

गिझर न्हाणीघराबाहेर, मोकळ्या गॅलरीत बसवून घ्यावा आणि आत फक्त पाण्याची नळी आणावी. नुसत्या एक्झॉस्ट फॅनवर विसंबू नये. हे काम होईपर्यंत दार-खिडकी उघडी ठेवून बादल्या भरून घ्याव्यात, गिझर बंद करावा, खोलीत थोडा वेळ हवा खेळू द्यावी आणि मगच अंघोळीला जावे.