मुलांना घेऊन जर्मनीला येताना

सप्रेम नमस्कार.

शिरोली एमआयडीसीतील नोकरी सोडून श्टुटगार्टला येताना तिसरीतील मुलगी आणि पाच वर्षांचा मुलगा यांना बरोबर आणावे, की जर्मन येत नसल्याने ती मागे पडतील म्हणून वर्षभर कोल्हापुरात आजी-आजोबांकडे ठेवावे, असे आपण विचारले आहे. मी राजारामपुरीतून इथे आलो तेव्हा माझी मुलगीही तिसरीतच होती. त्या अनुभवावरून सांगतो, दोघांनाही पहिल्याच फेरीत आणा.

मुलाची फारशी चिंता नको. त्या वयाची मुले खेळता खेळता भाषा उचलतात. मुलीच्या बाबतीत मात्र एकेक महिना मोलाचा आहे, कारण इथे बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात चौथीनंतरच मुलांच्या वाटा वेगळ्या होतात. विद्यापीठाकडे सरळ नेणारे गिम्नाझियम हवे असेल, तर आता केवळ पालकांची इच्छा पुरत नाही. शिक्षकांची शिफारस किंवा जर्मन व गणिताची ‘कोम्पास ४’ चाचणी, यांपैकी एकीची तरी साथ लागते, नाहीतर आणखी एक परीक्षा द्यावी लागते. नुकत्याच आलेल्या मुलाची भाषा आणि बुद्धी या टप्प्यावर एकाच मापाने मोजली जाण्याचा धोका असतो, आणि मला सर्वांत जास्त सल तोच आहे.

माझ्या मुलीच्या पहिल्या महिन्यातला गणिताचा कागद मी जपून ठेवला आहे. त्यावर ‘२४ : ६’ असे लिहिलेले होते आणि पुढची जागा कोरी होती. इथे भागाकार दोन टिंबांनी आणि गुणाकार मधल्या एका टिंबाने लिहितात, हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मी तेच उदाहरण आपल्या ÷ या चिन्हाने मांडून दिले, तेव्हा तिने क्षणात चार लिहिले. शाळेने मात्र तोवर तिचे गणित कच्चे असल्याचे कळवले होते.

नवागत मुलांसाठी इथे भाषेचे तयारी-वर्ग असतात. ते जरूर मागून घ्या, पण गणित, चित्रकला, खेळ या तासांना मुलगी नेहमीच्या वर्गात बसेल असा आग्रह धरा, कारण भाषा वर्गमित्रांमध्येच रुजते. शाळेला फी नाही, तरी घरी अभ्यास घेणारे कोणीतरी असेल असे शाळा गृहीत धरते. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याच्या कितीतरी आधी, १९०१ पासून, कोल्हापुरात वसतिगृहे उभी केली. शाळेचे दार उघडले तरी खेड्यातल्या मुलाला राहायला आणि अभ्यासाला जागा नसेल तर ते दार त्याच्यासाठी बंदच, हे त्यांनी ओळखले होते. इथे ती सोय दुपारनंतरच्या पूर्णवेळ शाळेत मिळते. ऑगस्ट २०२६ पासून पहिलीत जाणाऱ्या मुलांना तिचा कायदेशीर हक्क आहे. मुलीसाठी मात्र घर भाड्याने घेण्यापूर्वीच जवळच्या शाळेत चौकशी करावी लागेल.

गिम्नाझियम हुकले तरी खचू नका. रेआलशूल म्हणजे दहावीपर्यंतची माध्यमिक शाळा; तिच्यानंतर व्यावसायिक गिम्नाझियममधून विद्यापीठात नेणारी तीच अंतिम परीक्षा देता येते.

घरी मराठीच बोला. तुमचे मोडकेतोडके जर्मन तिच्या उपयोगाचे नाही. आणि सामान बांधताना तिची कोल्हापूरची गणिताची वही वर ठेवा, म्हणजे पहिल्याच भेटीत ती वर्गशिक्षिकेसमोर उघडून दाखवता येईल.