‘प्रत्येक माणूस आपला उरलेला अर्धा भाग शोधत असतो’ हे खरंच प्लेटोचं मत आहे का?

तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत. ‘आपण सगळे अर्धे आहोत, प्रेम म्हणजे उरलेल्या अर्ध्याचा शोध’ हे प्लेटोचं म्हणणं आहे का. ही कल्पना आपल्या अर्धनारीनटेश्वराचीच नाही का. आणि प्रेमाबद्दल ग्रीकांनी लिहिलेलं वाचायचं तर सुरुवात कुठून करावी.

पहिल्याचं उत्तर आधी. हे लिहिलंय प्लेटोनेच, पण दुसऱ्याच्या तोंडी. आणि ज्याच्या तोंडी घातलंय तो तत्त्वज्ञ नाही, तर अथेन्सचा गाजलेला विनोदी नाटककार अ‍ॅरिस्टोफेनिस. त्याच पुस्तकात थोडं पुढे गेलं की हे मत नाव न घेता खोडूनही काढलंय. शुभेच्छापत्रांवर खाली ‘प्लेटो’ लिहून ते फिरवणाऱ्यांनी तेवढी पानं वाचलेली नसतात.

पुस्तकाचं नाव ‘सिम्पोझियम’. लिहिलं गेलं इ.स.पू. चौथ्या शतकात, पण प्रसंग आहे इ.स.पू. 416 मधला. अगाथॉन या तरुण नाटककाराला शोकांतिकांच्या स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालंय आणि त्याच्या घरी मेजवानी आहे. आदल्या रात्री भरपूर झाल्यामुळे पाहुणे म्हणतात, आज पिणं बेतानं. बासरी वाजवणाऱ्या मुलीला परत पाठवतात आणि ठरवतात की प्रत्येकाने एरॉसची, म्हणजे प्रेमदेवतेची स्तुती करायची. एरवी अनवाणी फिरणारा सॉक्रेटिस त्या दिवशी अंघोळ करून, चपला घालून आलाय. अ‍ॅरिस्टोफेनिसची पाळी येते तेव्हा त्याला उचकी लागते, म्हणून त्याच्याऐवजी एक वैद्य बोलून घेतो. उचकी थांबते ती शिंक काढल्यावर. (हे प्लेटोने का घातलं यावर पंडितांनी बरंच लिहिलंय. मला तरी वाटतं, हसायला हवं म्हणून घातलं.)

आता त्याची गोष्ट. पूर्वी माणसं गोल होती. चार हात, चार पाय, एका मानेवर दोन तोंडं. पळायचं झालं की कोलांट्या घेत गडगडत जायची. तीन जाती होत्या: नर-नर, मादी-मादी आणि नर-मादी. ती इतकी माजली की देवांवर चालून गेली. देवांचा राजा झ्यूस याच्यापुढे पेच पडला. मारून टाकावं तर नैवेद्य बंद. म्हणून त्याने त्यांना मधोमध कापलं. माणसं दुबळी झाली आणि नैवेद्य दाखवणारे दुप्पट झाले! पुन्हा माज केलात तर आणखी एकदा कापीन, मग एका पायावर उड्या मारत फिरा, अशी धमकीही दिली. कातडी ओढून पोटावर गाठ मारली ती बेंबी. अर्धे तुकडे एकमेकांना मिठ्या मारून बसले, काही खाईनात, करीनात, उपाशी मरू लागले. तेव्हापासून प्रत्येक जण आपला तुकडा शोधतोय.

इथे एक लक्षात घ्या. तीन जातींपैकी स्त्री-पुरुष जोड्या फक्त एकीतून निघतात. मेजवानीतले लोक ज्या प्रेमाबद्दल बोलतायत ते बहुतेक पुरुषांचं पुरुषांवरचं, आणि त्यातही अथेन्सच्या रिवाजाप्रमाणे प्रौढ पुरुष आणि कोवळा मुलगा यांचं. आज आपण ते स्वीकारणार नाही, पण ते झाकून हा संवाद समजत नाही. शुभेच्छापत्रांतून नेमका हाच भाग गळतो.

अर्धनारीनटेश्वराशी साम्य मला वरवरचं वाटतं. तिथे दोन अर्धी एका देहात नांदतायत, तुटलेलं काहीच नाही. आपल्याकडे जवळचं शोधायचं तर बृहदारण्यक उपनिषदात आहे. सुरुवातीला एकटा असलेला आत्मा करमेना म्हणून दुसऱ्याची इच्छा धरतो, मिठीतल्या स्त्री-पुरुषांएवढा होतो आणि स्वतःचे दोन भाग करतो. पण तिथे दुभंगणं एकटेपणातून येतं. अ‍ॅरिस्टोफेनिसकडे ती शिक्षा आहे.

मग सॉक्रेटिस बोलतो. तोही स्वतःचं म्हणून नाही, तर मँटिनियाच्या डायोटिमा नावाच्या बाईने आपल्याला शिकवलं म्हणून. तिचा घाव सरळ आहे. ती म्हणते, प्रेमिक आपला अर्धा भाग शोधतात असं लोक सांगतात खरं, पण प्रेम ना अर्ध्याचं असतं ना पूर्णाचं, ते चांगलं असल्याशिवाय. पुरावा काय? माणसं स्वतःचे हातपायसुद्धा कापून घ्यायला तयार होतात, ते आपल्याला घातक आहेत असं वाटलं तर. ‘माझं आहे’ एवढ्यानं काहीच प्रिय होत नाही.

माझ्या मते सगळ्या पुस्तकाचा कणा हा आहे. कुणी आपल्याला आवडतं ते ‘आपलं’ असतं म्हणून, की ‘चांगलं’ असतं म्हणून? अ‍ॅरिस्टोफेनिस पहिल्या बाजूला, डायोटिमा दुसऱ्या.

दुसरी बाजू धरली की पुढचं ओघानं येतं, आणि डायोटिमा ते लपवत नाही. एका देहाच्या सौंदर्यावर मन जडतं. मग कळतं की दुसऱ्या देहातही तेच सौंदर्य आहे, आणि एकाच देहासाठी झुरणं क्षुल्लक वाटू लागतं. तिथून मनाच्या सौंदर्याकडे, मग चांगल्या आचाराच्या आणि कायद्यांच्या, मग ज्ञानाच्या, आणि शेवटी जे कधी उगवत नाही, मावळत नाही त्या निखळ सौंदर्याकडे. म्हणजे ‘प्लेटॉनिक’ म्हणून आपण जे बिनदेहाचं, सोवळं प्रेम समजतो ते इथे नाही. पहिली पायरी देहाचीच आहे. ते अमर्त्य सौंदर्य मात्र कुणाचा चेहरा नसतं. विसाव्या शतकात ग्रेगरी व्लास्टॉस या प्लेटोच्या अभ्यासकाने प्लेटोवर हाच आक्षेप घेतला: या शिडीवर माणूस प्रिय असतो तो त्याच्यातल्या गुणांपुरता, संपूर्ण माणूस म्हणून नाही.

आक्षेप रास्त आहे, पण मला वाटतं तो प्लेटोला आधीच दिसला होता. सॉक्रेटिसचं भाषण संपतं, टाळ्या पडतात, आपल्यावर टोला आला म्हणून अ‍ॅरिस्टोफेनिस काही बोलू पाहतो. तेवढ्यात दार धडधडतं. डोक्यावर आयव्हीची आणि व्हायोलेटची माळ घातलेला, तर्र झालेला अल्सिबायडीस आत येतो. अथेन्सचा सगळ्यात देखणा, सगळ्यात हुशार, सगळ्यात बेभरवशाचा माणूस. अ‍ॅरिस्टोफेनिसचं उत्तर राहूनच जातं.

अल्सिबायडीस म्हणतो, मी एरॉसची नाही, सॉक्रेटिसची स्तुती करणार. पोटिडियाच्या मोहिमेत हा बर्फावरून अनवाणी कसा चालला, मी जखमी झालो तेव्हा याने मला कसं वाचवलं, डेलियमच्या लढाईतल्या पळापळीत किती शांत होता. आणि मी याला वश करायला एका रात्री याच्याच पांघरुणात शिरलो, तर सकाळी असा उठलो जणू बापाजवळ किंवा थोरल्या भावाजवळ झोपलो होतो. तो रागावलाय, लाजलाय, तरी सोडवत नाहीये. या माणसासारखा दुसरा कुणी झाला नाही, असं तो म्हणतो. डायोटिमाच्या शिडीवर या वाक्याला जागाच नाही, कारण तिथे सगळं सौंदर्य अदलाबदलीचं आहे.

आणि प्लेटोच्या वाचकांना पुढचं माहीत होतं. दुसऱ्याच वर्षी सिसिलीच्या स्वारीत अल्सिबायडीसवर पाखंडाचा आरोप आला आणि तो पळून शत्रूला, स्पार्टाला मिळाला. इ.स.पू. 399 मध्ये तरुणांना बिघडवल्याच्या आरोपावरून सॉक्रेटिसला विष प्यावं लागलं. म्हणजे आपल्या गुरूवर जिवापाड प्रेम करणाराच त्याला भोवला असं म्हणता येतं. शिडी न चढता एकाच माणसाला धरून बसलं की काय होतं, हे प्लेटो दाखवतोय? की शिडी चढलेला माणूस समोरच्याला किती थंड वाटतो, हे? मी दुसरीकडे झुकतो, पण हट्ट नाही.

प्लेटोचा शिष्य अ‍ॅरिस्टॉटल याने हा घोळ जास्त जमिनीवरून सोडवलाय. ‘पॉलिटिक्स’मध्ये तो अ‍ॅरिस्टोफेनिसच्या गोष्टीची आठवण काढून म्हणतो: दोघं खरंच एकमेकांत मिसळून एक झाले तर दोघांपैकी एक तरी नष्ट होणार, किंवा दोघंही. ‘निकोमाखियन एथिक्स’च्या आठव्या आणि नवव्या भागात त्याने स्नेहाचे तीन प्रकार केलेत: उपयोगासाठी, मजेसाठी, आणि माणूस चांगला आहे म्हणून. पहिले दोन पटकन तुटतात. तिसऱ्याला वेळ लागतो, बरोबर बसून मीठ खाल्ल्याशिवाय माणसं एकमेकांना ओळखत नाहीत, असं तो म्हणतो. मग चांगला म्हणून जोडलेला मित्र बिघडला तर? सुधारण्यासारखा असेल तर पैसाअडक्यापेक्षा त्याच्या स्वभावाला सावरायला मदत करा, नसेल तर सोडलं तरी दोष नाही, पण जुन्या जवळिकीची थोडी आठवण ठेवा. ‘आपलं’ आणि ‘चांगलं’ या दोन्ही बाजूंना इतकं समजून घेणारं उत्तर मला प्लेटोत सापडत नाही.

वाचायचं तर ‘सिम्पोझियम’ आधी, शक्यतो एका बैठकीत, आणि डायोटिमाचं भाषण वेगळं काढून नाही. फार लांबीचं नाही. मेजवानीतल्याच पॉसेनियस नावाच्या पाहुण्याचं भाषण कंटाळवाणं वाटलं तर भरभर उरका, उचकी मात्र सोडू नका. मग ‘एथिक्स’चे ते दोन भाग. प्लेटोचाच दुसरा संवाद ‘फीड्रस’ शेवटी, कारण तिथे इलिसस नदीकाठी बसून तोच सॉक्रेटिस प्रेमाला वेड म्हणतो आणि त्या वेडाची तरफदारी करतो. तिथला प्रेमिक एकाच चेहऱ्यापुढे थरथरतो. शिडीबद्दल प्लेटोचंही पुरतं समाधान नव्हतं, असा मला त्यावरून संशय येतो.