आधी अंदाज, मग काडी

प्रिय नवशिक्षक,

प्रयोग दाखवला की विज्ञान समजतं, हा आपल्या पेशातला फार चिवट समज. मुलं मान डोलावतात आणि निरीक्षण म्हणून वहीत पुस्तकातलं वाक्य उतरवतात. म्हणून प्रयोगाआधी अंदाज घे, तोही लेखी. तोंडी अंदाज निकाल दिसताच बदलतो आणि 'मला माहीतच होतं' ऐकू येतं.

मेणबत्तीचा नेहमीचा प्रयोग घे. ताटलीत दीड सेंटिमीटर पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उपडा काचेचा पेला. ज्योत विझते, पाणी आत चढतं. 'ऑक्सिजन संपला, त्याची जागा पाण्याने घेतली' असं बिनदिक्कत सांगितलं जातं. चूक आहे. ज्योत सगळा ऑक्सिजन संपण्याच्या बऱ्याच आधी विझते, शिवाय कार्बन डायऑक्साइड तयार होतोच. खरं कारण मुख्यतः तापमानाचं: पेला ठेवताना आतली हवा तापलेली असते, थोडी बाहेरही जाते, ज्योत विझल्यावर उरलेली थंड होते, दाब घटतो, आणि बाहेरची हवा पाण्याला आत ढकलते.

हे सांगून टाकू नकोस. मांडणी दाखव, काडी ओढू नकोस आणि फळ्यावर विचार: एकाऐवजी तीन मेणबत्त्या असत्या तर पाणी जास्त चढेल, कमी की तेवढंच? का? दोन मिनिटं गप्प बसून लेखन, मग हात मोजून आकडे फळ्यावर, मग तीन मिनिटं शेजाऱ्याशी वाद. या वेळात चेहरा कोरा ठेव. मुलं प्रश्नापेक्षा शिक्षकाचा चेहरा चांगला वाचतात.

मग दोन्ही प्रयोग कर. तीन मेणबत्त्यांना पाणी जास्त चढतं. पेल्यातला ऑक्सिजन मात्र दोन्ही वेळा साधारण तेवढाच! वर्ग अडतो, अडू दे. 'पाणी नेमकं कधी चढलं?' एवढंच विचार. बहुतेकांनी तिकडे पाहिलेलंच नसतं, म्हणून प्रयोग पुन्हा करावा लागतो. पाणी जोरात चढतं ते ज्योत विझताना आणि विझल्यावर, जळताना नव्हे.

फसण्याच्या जागा: पेल्याचा काठ ताटलीला चिकटला तर पाणी आत शिरत नाही, म्हणून काठाखाली दोन नाणी ठेव. एकदा पेला झटकन, एकदा सावकाश ठेवला तर तुलना बाद, कारण सावकाशीत जास्त हवा तापते. दुसऱ्या फेरीआधी पेला थंड करून पूस. मेणबत्त्या बारीक, बुटक्या आणि सारख्या उंचीच्या हव्यात. लांब केस बांधायला लाव, हे सांगायला नको.

प्रश्नानंतर थांब. अमेरिकी विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी 1970च्या दशकात दाखवलं की शिक्षक सरासरी जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यास उत्तरं लांबतात आणि गप्प मुलंही बोलतात. तीन सेकंद फार लांब वाटतात. मनात मोज.

शेवटची चार मिनिटं चिठ्ठीसाठी ठेव, तिच्यावर प्रत्येकाने उत्तर आणि कारण लिहून द्यायचं: 'मेणबत्ती नाही, गरम पाण्याने तापवलेला रिकामा पेला पाण्यात उपडा ठेवला, तर?' चिठ्ठ्यांचे तीन ढीग कर: उत्तर आणि कारण दोन्ही बरोबर, उत्तर बरोबर पण कारण चूक, दोन्ही चूक. पुढचा तास मधल्या ढिगापासून सुरू कर.