पेशी श्वास घेते का? ‘उष्णता’, ‘तापमान’ आणि ‘श्वसन’ या शब्दांविषयी

कोल्हापुरात माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंनी चाचणीच्या पेपरातली तीन वाक्यं पाठवली आहेत: ‘निरोगी माणसाची उष्णता 37 अंश असते’, ‘पाणी उकळताना त्याला तापमान देत राहावे लागते’ आणि ‘पेशी ऑक्सिजनचा श्वास घेते’. मुलांना विषय कळलाय पण शब्द चुकलेत, की शब्दच गोंधळात टाकणारे आहेत, असं त्या विचारतात. ‘पेशीश्वसन’ऐवजी दुसरा बरा शब्द आहे का, हाही त्यांचा प्रश्न आहे.

बाई, पहिल्या दोन वाक्यांत शब्दांचा काही दोष नाही. व्याख्या पाठ करून घेण्याआधी मुलांना क्रियापदं बघायला सांगा. उष्णता लागते, मिळते, शोषली जाते, बाहेर पडते, गरम वस्तूकडून गार वस्तूकडे जाते. तापमान असतं, वाढतं, उतरतं, स्थिर राहतं. तापमान कुणी कुणाला देत नाही आणि उष्णता अंशांत मोजत नाहीत. उष्णता ही ऊर्जा, म्हणून ती ज्यूलमध्ये किंवा कॅलरीत मोजायची. तापमान ही पदार्थाच्या कणांच्या हालचालीवर ठरणारी पातळी, ती अंशांत किंवा केल्विनमध्ये. ‘तापमान’ या शब्दातच ‘मान’ म्हणजे माप बसलेलं आहे. म्हणूनच ‘आज तापमान गरम आहे’ हे वाक्यही मला खटकतं. हवा गरम असते, तापमान जास्त असतं. ‘उष्णतेची लाट’ मात्र बिनदिक्कत लिहावं.

वर्गात उदाहरण द्यायचं तर गुऱ्हाळासारखं दुसरं नाही, आणि आपल्या भागातल्या मुलांनी ते पाहिलेलं असतं. रसाला उकळी फुटल्यावरही चुलवाणात चिपाडं सारणारा गडी थांबत नाही. जाळ तसाच असतो, पण काहिलीतल्या रसाचं तापमान बराच वेळ शंभर अंशांच्या जरासं वरच घुटमळतं. मग एवढी उष्णता जाते कुठे? रसातल्या पाण्याची वाफ करण्यात. एक ग्रॅम पाणी शून्य अंशावरून शंभरावर न्यायला साधारण 100 कॅलरी लागतात. त्याच शंभर अंशांवरच्या पाण्याची वाफ करायला आणखी 540. म्हणजे उष्णता देणं चालू आणि तापमान जागच्या जागी, असं दोन्ही एकाच वेळी घडतं. दोन शब्द वेगळे का हवेत, हे मुलांना इथं डोळ्यांनी दिसतं. पुस्तकात यालाच ‘अप्रकट उष्मा’ म्हटलंय.

पुढे पाणी आटत जातं, पाक दाट होतो आणि त्याचा उत्कलनबिंदूच वर सरकायला लागतो. गूळ उतरवायच्या वेळी पाक 118 अंशांच्या आसपास असतो. गुळव्या तापमापी न लावता पाकाचा थेंब गार पाण्यात सोडतो आणि गोळी वळते का ते बोटांनी बघतो. गोळी वळली म्हणजे पाकात पाणी किती उरलंय ते कळलं, आणि उकळणाऱ्या पाकाचं तापमान त्या उरलेल्या पाण्यावरच ठरत असतं. अंशांचा आकडा न बघता तो माणूस तापमानच वाचत असतो. (मला हे तापमापीइतकंच शास्त्रशुद्ध वाटतं, आणि वर्गात तसं आवर्जून सांगावं.) त्याच चुलवाणातली ठिणगी हातावर पडली तर नुसता चटका बसतो, उकळता रस ओगराळंभर सांडला तर कातडी सोलवटते. ठिणगीचं तापमान रसाच्या कितीतरी पट, पण तिच्याजवळ द्यायला उष्णता फारच थोडी.

आता घरातलं बोलणं. ‘मला उष्णता झालीय’ म्हणून थर्मामीटर लावला तर पारा बहुधा जागचा हलत नाही. ही आयुर्वेदाच्या वळणाची ‘उष्णता’. डोळ्यांची आग, उन्हाळी लागणं, तोंड येणं अशा तक्रारींचं नाव. तांबड्या रश्शानं तोंडाचा जाळ होतो तोही वेगळाच. मिरचीतलं कॅप्सेसिन जिभेवरच्या उष्णता ओळखणाऱ्या संवेदकांनाच चेतवतं, त्यामुळे रस्सा कोमट असला तरी तोंड पोळल्यासारखं वाटतं. हे शब्दप्रयोग चूक नाहीत, फक्त ते भौतिकशास्त्राच्या पेपरात आणू नयेत, एवढंच. याउलट ‘ताप’ हा घरगुती शब्द तापमानासारखा वागतो: ताप चढतो, उतरतो, अंशांत मोजतात. शिवाय ‘हुडहुडी भरून ताप आला’ या वाक्यातला क्रमही अचूक आहे. मेंदू शरीराच्या तापमानाची पातळी वर ठरवतो, स्नायू थरथरायला लागतात, त्या थरथरीत जास्त उष्णता तयार होते आणि मग ताप चढतो.

ती उष्णता येते कुठून? पेशीश्वसनातून. इथं तुमचं तिसरं वाक्य येतं, आणि इथं मात्र मुलांचा दोष कमी, शब्दाचा जास्त. संस्कृतात ‘श्वस्’ म्हणजे श्वास घेणं, त्यामुळे ‘श्वसन’ ऐकलं की नाक आणि छातीच डोळ्यांसमोर येणार. पण पेशी काही आत-बाहेर हवा खेळवत नाही. ग्लुकोजचं पायरीपायरीनं विघटन होतं, त्याचा शेवटचा टप्पा तंतुकणिकेत (पेशीतल्या मायटोकॉन्ड्रियात) ऑक्सिजनच्या मदतीनं पार पडतो, कार्बन डायऑक्साइड आणि पाणी तयार होतं, ऊर्जेचा काही भाग एटीपी या ऊर्जा साठवणाऱ्या रेणूत साठतो आणि निम्म्याहून अधिक भाग उष्णता म्हणून बाहेर पडतो. स्वस्थ बसलेला मोठा माणूससुद्धा दर सेकंदाला 80 ते 100 ज्यूल उष्णता टाकत असतो. जेवढी तयार होते तेवढीच बाहेर जाते, म्हणून तापमान 37 अंशांच्या आसपास टिकतं. तेव्हा पहिलं वाक्य असं हवं: ‘निरोगी माणसाच्या शरीराचे तापमान सुमारे 37 अंश सेल्सिअस असते.’

छाती नसलेल्या वस्तूचं श्वसन हाताला जाणवून द्यायचं असेल तर उन्हाळ्यात आंब्याची आढी घाला. दोन-तीन दिवसांनी गवतात हात खुपसला की ऊब लागते. ती उन्हाची नसते. पिकताना आंब्याच्या पेशींचं श्वसन जोरात चालतं, त्याची ती उष्णता असते. ओलसर धान्याची रास आतून तापते त्यातही हेच, फक्त दाण्यांच्या जोडीला बुरशी आणि जिवाणूही असतात.

दुसरा शब्द शोधायचा तर ‘पेशीज्वलन’ सुचवता येईल, आणि त्याला इतिहासाचा आधारही आहे. फ्रान्समध्ये लाव्हाझिए आणि लाप्लास या शास्त्रज्ञांनी 1782-83च्या हिवाळ्यात गिनीपिगला बर्फानं वेढलेल्या भांड्यात ठेवून किती बर्फ वितळतो ते मोजलं. तेवढाच कार्बन डायऑक्साइड देणारा कोळसा जाळल्यावर वितळणाऱ्या बर्फाशी त्याची तुलना केली आणि श्वसन म्हणजे संथ ज्वलन, असा निष्कर्ष काढला. तरीही मी हा शब्द घेणार नाही. ज्वलन म्हटलं की ज्वाळा आल्या, सगळी ऊर्जा एकदम मोकळी होणं आलं. पेशीत विकरांच्या (एन्झाइमांच्या) मदतीनं एकेक पायरी उतरत काम होतं, आणि म्हणूनच ऊर्जा एटीपीत धरून ठेवता येते. ‘श्वसन’ रुळलेला आहे, तो राहू द्या. फक्त नाकाच्या कामाला नेहमी ‘श्वासोच्छ्वास’ म्हणा, कधीही नुसतं ‘श्वसन’ नको. एवढं एक पथ्य वर्षभर पाळलं तर गोंधळ बराच कमी होईल. मुलाचं वाक्य ‘पेशी श्वसनासाठी ऑक्सिजन वापरते’ असं दुरुस्त करावं.

‘विनॉक्सिश्वसन’ला मुलं अडतात असं तुम्ही शेवटी लिहिलंय. फळ्यावर ‘विना + ऑक्सि’ असा संधी सोडवून दाखवा. संस्कृत अव्यय आणि युरोपातून आलेला ‘ऑक्सि’ असा जोड मला तरी सुरेख वाटतो. उसाचा रस ठेवून दिला की आंबतो, त्यात यीस्ट हेच करत असतं: ऑक्सिजनशिवाय साखरेचं विघटन, थोडी ऊर्जा, अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे. आणि ‘उष्मा’ हा ‘उष्णता’हून वेगळा नाही, ‘उष्माधारकता’सारखा सामासिक शब्द उच्चारायला सोपा जावा म्हणून तो सोयीचा आहे. मुलानं ‘अप्रकट उष्णता’ लिहिलं तर गुण कापू नयेत.